राहेलबाईंचं कोमट पाणी

पाणी किती तापलंय हे राहेलबाई कोपराने पाहायच्या. चहाचं तेवढं सोडून. बाही वर सरकवायची, कोपर बुडवायचं आणि म्हणायचं, "झालं." सिल्वासातल्या आमली भागातल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी त्या खानावळ चालवायच्या, आणि तव्यावरच्या चपात्या उघड्या बोटांनी उलटून उलटून त्यांच्या बोटांना ऊन-थंड कळेनासं झालं होतं. त्या जळगावकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी सिल्वासाला आलेल्या आणि नवरा वारल्यावरही मुलगा-सुनेबरोबर इथेच राहिलेल्या. मी चिपळूणची, सरकारी शाळेतली शिक्षिका, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने. आता बदली होऊन मी दमणला आहे, पण बादलीत पाणी काढलं की माझंही कोपर आपोआप पुढे होतं.

रविवारी एकटी काय जेवते, आमच्या चर्चला चल, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी जेवणासाठीच गेले. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या. पेटी नाही, तबला नाही. खानदेशातले कामगार, ओडिशाचा एक फिटर, पाड्यांवरची वारली कुटुंबं, सगळे नुसत्या गळ्याने मराठी, हिंदी आणि गुजराती गाणी गात होते. माझ्या कपाळावरच्या कुंकवाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दारावरच्या पाटीवर वाचलेले हे मेनोनाईट लोक म्हणजे कोण, असं मी विचारलं, तेव्हा राहेलबाई म्हणाल्या की आम्ही शपथ घेत नाही, कोणावर हात उचलत नाही. तेवढ्यात दारात कोणीतरी नवीन येऊन उभं राहिलं आणि त्यांचं लक्ष माझ्यावरून उडालं. "खुर्ची सरकव," त्या शेजारणीला म्हणाल्या, "मानूस उभं आहे." हे त्यांचं पालुपद. ते मी पुढे शेकडो वेळा ऐकलं.

वर्षातून एकदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करण्याच्या विधीच्या आधी, ही माणसं एकमेकांचे पाय धुतात. पुरुष हॉलमध्ये, बायका आतल्या खोलीत. जिचे पाय धुऊन झाले तिने कमरेला टॉवेल बांधून शेजारणीचे धुवायचे, तिला मिठी मारायची, अशी रांग पुढे सरकते. टबातलं पाणी तापवायचं काम राहेलबाईंचं. पहिल्या वर्षी माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या पायाशी बसली तशी मी पाय खुर्चीखाली ओढले. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी धाकट्यांच्या पायाला हात लावणं म्हणजे अब्रह्मण्यम. राहेलबाई बादली घेऊन उभ्या होत्या. "पाय काय लपवते, मास्तरीणबाई? चोरून आनले का?" मी निमूट पाय पुढे केले. स्वतः राहेलबाई मात्र रांगेत कधीच बसायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "मले पानी पाहायचं असते."

तिसऱ्या वर्षी रांगेत जमनी होती. आतल्या एका पाड्यावरची सुईण. तिच्या हातचं एक मूल चार दिवसांत दगावलं आणि तिला भुताळी, म्हणजे चेटकीण ठरवून हाकलून दिलं. ती आमलीत आली, तेव्हा राहेलबाईंनी तिला खानावळीत भांड्यांवर ठेवून घेतलं आणि रविवारी चर्चमध्ये आपल्या शेजारी बसवलं. कोणी काही बोललं नाही. पण ती जवळून गेली की तान्ही मुलं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायची, हे मी पाहिलेलं आहे.

जमनीचे पाय माझ्या वाट्याला आले. मी ते धुतले, पुसले, तिला मिठी मारली. तिने टॉवेल बांधला आणि पुढच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले. त्या खुर्चीवर राहेलबाईंची सून बसली होती, रूथ. दोनदा गर्भ गळून गेल्यावरचा सहावा महिना. राहेलबाईंनी बादली खाली ठेवली. "रूथ, तू बाहेर हवेवर बस," असं म्हणत तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं.

खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. रिकाम्या खुर्चीपुढे जमनी गुडघ्यांवर तशीच होती. मग ती टॉवेलची गाठ सोडायला लागली. मी हातभर अंतरावर बसले होते आणि जागची हलले नाही. याची मला आजही लाज वाटते.

राहेलबाई परत आल्या. दारातच थबकल्या. मग सरळ त्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि आपले भेगाळलेले पाय त्यांनी टबात ठेवले.

"जमने, थांब. सुनेले मी उठवलं. मले तुहं भेव वाटलं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आता माहे पाय धू."

जमनीने गाठीवरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "माला बी माझाच भेव वाटतो, बाय."

राहेलबाईंनी तिचे दोन्ही हात धरून आपल्या पायांवर ठेवले. मी देवळांत पुष्कळदा डोकं टेकलं आहे, पण त्या दिवशी त्या दोघींपुढे माझी मान जशी आपोआप खाली गेली, तशी तिथे कधी गेली नव्हती.

रूथला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर न्हाऊ कोणी घालायचं हा प्रश्न आला. राहेलबाईंनी आधी रूथला विचारलं, मग जमनीला बोलावलं. मी तिथेच होते. जमनी न्हाणीत पाय लांब करून बसली. राहेलबाईंनी पाण्यात कोपर बुडवलं, जरा जास्तच वेळ. नात जमनीच्या पायांवर ठेवली आणि मागे न बघता खानावळीत चपात्या लाटायला निघून गेल्या.

मी त्यांच्यामागे गेले. गेली का भीती, असं विचारलं.

"कुठलं जाते? लाटनं पाह्य कसं थरथरू राहिलं." पोळपाटावरची चपाती खरंच वेडीवाकडी झाली होती. "पन भेवाले इचारून खुर्ची द्यायची म्हटलं, तं कोनालेच बसवता येनार नाही."

तेवढ्यात आतून पोरीचं रडणं आलं. राहेलबाईंचा हात थांबला. त्यांनी कान दिला. न्हाताना सगळी पोरं रडतात तसंच ते रडणं होतं. त्यांनी पुढचा गोळा घेतला.