कोलमच्या पाठचं पान

एका रेणूला मी पाण्यात बसवलं, त्याच्या जुळ्या भावाला कोरडं ठेवलं, आणि दोघांत जास्त स्थिर कोण याचा निकाल ऐटीत जाहीर करून टाकला. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आता लेकीला सांगितली की ती पोट धरून हसते. पण तेव्हा माझ्याकडे ताजी पीएच.डी. होती, आणि चूक नेहमी यंत्राचीच असते असा दांडगा विश्वास. गेल्या महिन्यात तुळजाचा फोन आला, "मावशी, अम्मा गेली…" आणि मला आधी आठवला तो हा गाढवपणा. तो पकडला होता तिच्या अम्मानं, आमच्या पद्मिनीअक्कांनी.

चेन्नईच्या आमच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र नळ्यांत नाही, संगणकावर चालायचं. अक्का तिथं सगळ्यांत वडील. तंजावरकडच्या मराठी; बोलणं जुनं, त्याला तमिळ हेल. पहिल्या वर्षी मी ते सुधारायला गेले होते, यावरून माझी अक्कल ओळखा! त्यांचा नियम एकच. लेख बाहेर जाण्याआधी तेच गणित दुसऱ्या कुणी करायचं, फक्त वहीवरून. ज्याचं गणित त्यानं शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

मी घाईत हा नियम चुकवून लेख धाडला. तो स्वीकारला गेला, संचालकांनी मैसूरपाक वाटला. छपाईला थोडे दिवस उरले असताना अक्कांनी वही मागितली, आणि त्यांचं उत्तर बरोबर उलटं आलं.

"तुमचं मशीन जुनं आहे, अक्का."

"सेरी मा, बरं, तुझ्या मशीनवर करते."

तिथंही उलटंच.

"तुम्हाला माझं अक्षर लागत नाही."

"मग तूच कर की."

बसले. आणि माझ्याच वहीवरून मलाच माझं उत्तर येईना! डिस्क भरली म्हणून मूळ फाइली मी पुसल्या होत्या. वहीत नुसता शेवटचा आकडा, त्याखाली दिमाखात दोन रेघा. चुकीचा लेख माझ्या नावानं छापला जाणार, किंवा मैसूरपाक खाल्लेल्या सगळ्यांसमोर तो मागे घ्यावा लागणार… मी काय केलं? अक्कांशी अबोला धरला.

अक्कांना एक खोड होती. कुणी टाकून दिलेले प्रिंटआउट त्या जमवायच्या आणि पाठीवर ठिपके मांडून दुसऱ्या दिवशी दारात काढायच्या कोलमचा, म्हणजे तिकडच्या रांगोळीचा, सराव करायच्या. तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर, कॉफीच्या फ्लास्कशेजारी. पाचव्या दिवशी मी राजीनामा लिहायला त्यातच कोरा कागद शोधू लागले (नाटकी तर होतेच). सगळ्यात वर एक कमळाचं कोलम. उलटलं, तर माझ्याच गणिताचं पहिलं पान, आणि त्यात रेणू पाण्यात ठेवण्याची सूचना. मागच्या कुठल्याशा कामातली ती ओळ काढायची राहून गेली होती. जुळ्याच्या फाइलीत ती नव्हतीच.

"अक्का… हा पाण्यात आहे."

"असं का?" म्हणाल्या, आणि चष्मा पुसत राहिल्या.

लेख मागे घेण्याचं पत्र मी टाइप केलं. संचालकांच्या खोलीत अक्का सोबत आल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. शेवटी अक्काच म्हणाल्या, "सर, मैसूरपाक तेवढा परत मागू नका. संपला."

परवा अंबत्तूरला त्यांच्या घरी गेले. टेबलावर तोच फ्लास्क. तुळजानं प्लास्टिकच्या पिशवीतून तो कागद काढून माझ्या हातात दिला. कमळाचे ठिपके फिकट झालेत, पाठीवरची ओळ अजून वाचता येते. मी म्हटलं, "नशीब बघ माझं, त्या दिवशी नेमका हाच वर होता."

तुळजा हसायला लागली. "नशीब कसलं, मावशी? अम्माला तो पहिल्याच दिवशी सापडलेला. रोज सकाळी वर काढून ठेवायची. म्हणायची, 'मी दाखवला तर ती वर्षभर माझ्याशी भांडेल. तिचा तिला सापडू दे, आठवड्यात कॉफीला येईल.'"