कोपऱ्यातलं टेबल

हॉटेलवाल्यांच्या फ्रिजमध्ये सॉस साठतो आणि डोक्यात किस्से. सॉस दोन दिवसांनी टाकून देता येतो, किश्शांचं काय करायचं? कुणी भेटलं की मी सांगत सुटते. आता तुम्ही सापडलात.

राजारामपुरीत आमचं छोटंसं इटालियन रेस्टॉरंट आहे. आधी तिथं माझ्या सासऱ्यांची, आप्पांची, मटणाची खानावळ होती. सासूबाई रांधायच्या, आप्पा वाढायचे. सासूबाई गेल्या आणि वर्षभर शटर खालीच राहिलं. मग मी, पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली सून, म्हटलं, पिझ्झा-पास्ता सुरू करू. आप्पा एवढंच म्हणाले, "कर की."

आप्पा रोज येतात, दाराशी खुर्ची टाकून बसतात. पण तीन वर्षांत तिथला एक घास त्यांनी तोंडात घातला नव्हता. घरी माझ्या हातचं सगळं चालतं. हॉटेलात मात्र दुपारी डबा उघडून भाकरीच खायची! गिऱ्हाईकं माझ्या पास्त्याचे फोटो काढतात आणि घरचा माणूस चव बघत नाही, हे मला फार लागायचं.

*

पहिल्याच आठवड्यात जवळच्या गडमुडशिंगी गावचं एक कुटुंब आलं, आठ माणसं. टोमॅटो सूप दिलं. दोन मिनिटांत वाट्या रिकाम्या, आणि त्यातले काका हात वर करून म्हणाले, "पावणं, रस्सा फिरवा की अजून."

आमच्या सचिननं, वेटरांच्या कॅप्टननं, अदबीनं सांगितलं की, सूप परत मिळत नाही, दुसरं मागवावं लागेल. काकांचा चेहरा पडला. आठही माणसं आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखी वाट्यांकडं बघत बसली.

आप्पा खुर्चीतनं उठले, तडक किचनमध्ये आले, सूपचं पातेलंच उचललं आणि पळी घेऊन हॉलभर फिरले. शेजारच्या टेबलावर सूप मागवलंही नव्हतं, त्यांनाही वाढलं! परत येऊन पातेलं माझ्यासमोर आदळलं. "रस्स्याला न्हाय म्हणायचं नसतंय," म्हणाले.

मेनूकार्डावर आम्ही काही छापलेलं नाही, पण आमच्याकडं सूप पोटभर मिळतं.

*

एकदा मुलगी बघायचा कार्यक्रम आमच्याकडं झाला. दोन्हीकडचे आईवडील एका टेबलावर, मुलगा-मुलगी शेजारच्या. कुणाच्या डोक्यातनं निघालं कोण जाणे, त्या दोघांनी मागवली स्पगेटी!

दहा मिनिटं झाली तरी दोघांच्याही काट्यावर काही चढेना. मुलगा घामाघूम. शेवटी मुलीनं काटा बाजूला ठेवला, बाह्या मागं सारल्या आणि सरळ हातानं जेवायला लागली. मुलानं एवढा मोठा श्वास सोडला आणि तोही तुटून पडला. मग कुठं दोघं बोलायला लागली, हसायला लागली.

आप्पा उठून थोरामोठ्यांच्या टेबलाजवळ गेले. "मंडळी, तारीख काढा," म्हणाले.

खरंच काढली. आता दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दोघं येतात. त्यांच्या टेबलावर आप्पा काटे ठेवू देत नाहीत.

*

इस्माईलभाई आप्पांचे जुने दोस्त. खानावळीला मटण त्यांच्याच दुकानातनं यायचं. आता मला मटण लागत नाही, तरी ते रोज दुपारी येतात. माझा पास्ता खातात आणि आप्पांना ऐकू जाईल इतक्या जोरात तारीफ करतात. आप्पा भाकरी मोडत राहतात.

एकदा मी चिडूनच विचारलं, यांना माझ्या हातचं इथं का चालत नाही?

इस्माईलभाईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडं बघितलं. त्यावर आम्ही मेनूकार्डांचा गठ्ठा ठेवतो. म्हणाले, खानावळ उघडायच्या आधी वहिनी रोज पहिलं ताट आप्पांना त्या टेबलावर वाढायच्या. आप्पा जेवायचे. छान झालंय वगैरे कधी नाही. 'मीठ बरोबर हाय' म्हणायचे, उठायचे आणि दारावरची 'बंद'ची पाटी 'चालू' करायचे.

"इथं त्याला वाढणारी एकच होती बेटी," ते म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्या दिवसापासून मी आप्पांना आग्रह करायचं सोडलं. पाटी मीच फिरवायचे, अकराच्या ठोक्याला.

*

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी वाढदिवसाची पार्टी होती, वीस माणसं. गडबडीत माझ्याकडनं सॉसमध्ये दोनदा मीठ पडलं. वीसच्या वीस ताटं तशीच परत आली. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. एक बाई प्रेमानं म्हणाल्या, "शिकताय का अजून?"

मी किचनच्या मागं जाऊन पोटभर रडले. सचिनला म्हटलं, मला काही जमत नाही, शटर ओढून टाकू. आप्पा किचनच्या दाराशीच होते. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉस केला. चाखला, परत चाखला. चाखून चाखून जीभ बधिर झाली. मीठ जास्त की कमी, काही कळेना. दारापर्यंत दोनदा गेले, पाटीला हात लावायचा धीर होईना.

तेवढ्यात आप्पा आत आले. हात धुतले. कोपऱ्यातल्या टेबलावरची मेनूकार्डं उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि बसले.

"वाढ," म्हणाले.

मी प्लेट आणून ठेवली. त्यांनी काटा बाजूला सारला. हातानं, सावकाश, खाली मान घालून सगळं संपवलं. शेवटचा सॉस बोटानं पुसून घेतला. मी तिथंच उभी होते.

आप्पा उठले, हात धुऊन पंच्याला पुसले. "मीठ बरोबर हाय," म्हणाले, आणि जाऊन दारावरची पाटी फिरवली.

तेव्हा अजून साडेदहाच वाजले होते.