दोन्ही बाटल्या लाल

दिवस भरलेल्या बहिणीला घेऊन मी एटापल्लीहून चंद्रपूरच्या दवाखान्यात निघाले होते. वाटेत गाडीला खालून दगड लागला आणि गिअरबॉक्सचं लाल तेल गळू लागलं. गाडी ऑटोमॅटिक, इंजिन ओरडायचं, पण गाडी ओढायची नाही. कशीबशी आलापल्लीच्या एका ऑइलच्या दुकानापर्यंत आलो.

दुकानदार पन्नाशीचा. त्यानं गाडीखाली शिरून फुटक्या पाइपाला रबर आवळलं. मग तेलाच्या दोन बाटल्या घेऊन उजेडात उभा राहिला. एकीवरचं नाव पुटपुटत वाचायचा, ती ठेवून दुसरी उचलायचा. मागे बहीण कण्हत होती.

"भाऊ, कोणतंही टाका, पण लवकर!"

"दोन्ही लालच हाय, बाई. पण तुमच्या गाडीले कोनतं चालते, मले माहीत नाई. चुकीचं टाकलं अन् जंगलात गिअरबॉक्स बसला, त हिले कोन नेईन?"

मला त्याचा रागच आला. त्या घडीला मला खोटं का होईना, पण ठामपणे बोलणारं माणूस हवं होतं.

त्यानं बाटल्या फळीवर ठेवल्या, शटर ओढलं आणि स्वतःची जीप दारात आणली. रस्ताभर खड्डा दिसला की आधीच म्हणायचा, "धरून बसजा."

संध्याकाळी चंद्रपुरात भाची झाली. पुढे गाडी दुरुस्तीला दिली तेव्हा मेकॅनिकला मी त्या तेलांची नावं सांगितली, तर तो म्हणाला की दोन्हींतलं एकही चाललं नसतं. हे सांगायला एटापल्लीला परतताना मी मुद्दाम आलापल्लीला थांबले. दुकानदारानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "पोरगी रातभर रडते का?"