उसन्या कोटातला माणूस

हळर्णकर सरांवर मी लिहावे हे खरे तर बरोबर नाही. डिचोलीत त्यांच्याकडे चित्रकला शिकलेली कितीतरी माणसे आज स्वतःच नोकरीतून निवृत्त झाली आहेत. हे त्यांनी लिहायला हवे होते. मला सर मिळाले ते अगदी शेवटच्या काही वर्षांत, आणि तेही वर्गात नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल लिहायचे तर सुरुवात कुठून करतात हे विचारायलाही घरी कोणी नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. सर गेल्यानंतर त्यांच्याविषयी जे बोलले गेले त्यात एक गोष्ट कुठेच आली नाही. ती मला माहीत आहे, एवढ्यासाठीच धीर केला.

सर फोटो उलटा धरून बघत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो ते पणजोबांचा फोटो घेऊन. कॉलेजात घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर प्रकल्प करायचा होता आणि आमच्या मुळगावच्या घरात जुने म्हणावे असे तेवढेच होते. रंगवलेल्या पडद्यासमोर पलटणीचा कोट घालून ताठ उभे असलेले पणजोबा. सरांना सैन्यातले बिल्ले, पदके, गणवेश यांतले कळते असे कोणीतरी सांगितले होते. त्यांनी मला बस म्हटले नाही, कारण ते स्वतःच बसत नसत. चहाचा कप घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत, मध्येच कप कुठेतरी ठेवत आणि मग शोधत फिरत. फोटो त्यांनी खिडकीशी नेला आणि डोके खाली, पाय वर असा धरला.

"सर, उलटा आहे," मी म्हणालो.

"म्हाका दिसता. तोंड दिसले की बघणारा मऊ होतो. पयलीं बुतांव पळय, मागीर तोंड."

बुतांव म्हणजे बटण. आधी बटण बघ, मग तोंड. हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते, हे मला नंतर कळले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिले आणि कोटाची कॉलर दाखवली. कॉलरवरची रणशिंगे नेहमी जोडीने असतात, एकमेकांकडे तोंड करून. इथे दोन्ही एकाच बाजूला वळलेली होती. वरून दुसरे बटण सपाट, बाकी सगळ्यांवर मुकुट. "हा कोट तुझ्या पणजोबाचा नव्हे. सावंतवाडीच्या बाजारात एक स्टुडिओ होता, त्याचा हा कोट. ज्याला शिपाई दिसायची हौस, त्याला घालायला देत. हाच कोट घातलेले आणखी चौघे मला ठाऊक आहेत. एकाला तो इतका घट्ट झालाय की फोटो निघेपर्यंत त्याने श्वास घेतला नसणार."

मला हसू आले नाही. बाबांना काय सांगायचे ते कळेना. बाबा खाणीवरच्या ट्रकावर होते. खाणी बंद झाल्यापासून दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. सिंधुदुर्गातून इकडे येताना आमच्या माणसांनी फारसे काही आणले नव्हते, पण तो फोटो आणला होता. मी सांगितले तेव्हा बाबा जेवत होते. हात ताटातच राहिला.

"मगे आजो पलटणीत नाय होतो?"

"सर म्हणतात, कोट त्यांचा नाही."

"मगे इचार तुझ्या सरांका, फोटो काडू काय भिंतीवरसून?"

मी विचारायला जाण्याआधीच दुसऱ्या दिवशी सकाळी सर बसने आमच्याकडे आले. दारातच उभे राहून बाबांना म्हणाले, "फोटो खोटा नाही. कोट उसना आहे, एवढेच. माणूस तुमचाच." आणि लगेच विचारायला लागले. आजाला कधी पेन्शन येत होती का, घरात कुठे पितळेचा बिल्ला, पट्टा, पदक असे काही सापडले होते का, तो कधी वर्षानुवर्षे गावाबाहेर होता का. बाबा नाही नाही म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "आजो शेतात राबायचो आणि रातभर दशावतार बघायचो. गावाभायर गेलो तो हो फोटो काडूक." आणि बोलता बोलता त्यांनाच हसू आले. "उसनो कोट घालून सावंतवाडीत फोटो काडलो म्हणजे हौशी होतो म्हातारो. ऱ्हवांदे भिंतीवर." घरातले सगळे हसले. सरांचा चेहरा मात्र एकदम उतरला. आमच्यासाठी वाईट वाटले असेल, असे मी समजलो.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर फिरू लागलो. ते मला आडनावाने, गवस म्हणून हाक मारत. काकाची स्कूटर मिळाली की आम्ही निघत असू. सर मागे बसत आणि गाडी थांबण्याआधीच उतरत. ऐंशीच्या घरातला माणूस, मला भीती वाटायची. सर्वणला एकाने आजोबांचा सैन्यातला पट्टा म्हणून आणला तो पोलिसांचा निघाला. सरांनी त्याला दोन मिनिटांत सांगून टाकले आणि आम्हाला पाणीही न मिळता परत यावे लागले. "गोड लागेल असे सांगायचे तर मी मिठाईचे दुकान घातले असते," असे वाटेत म्हणाले. पण तो माणूस दाराआड गेला तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून पाहिले होते.

पेडण्याच्या बाजूला एका काकीच्या देव्हाऱ्यात चांदीचे पदक होते. पिढ्यानपिढ्या आमसुलाने घासून आणि हळदकुंकू लावून त्यावरचा चेहरा गुळगुळीत झाला होता. "तो आमचो मूळपुरूस," काकी म्हणाल्या. सरांनी चिमूटभर तांदळाचे पीठ मागितले आणि पदकाच्या कडेवर बोटाने चोळले. कडेवर कोरलेली अक्षरे पांढरी होऊन वर आली. क्रमांक, हुद्दा, नाव. काकींच्या आजेसासऱ्यांचे नाव.

"काकी, हें तोंड इंग्लंडच्या राजाचें. तुमचो मूळपुरूस हांगा कडेर आसा."

काकी जराही गोंधळल्या नाहीत. "मागीर फाल्यांसावन कडेक कुंकू लायतां. राजान वचूं आपल्या घरा."

उद्यापासून कुंकू कडेला, राजाने आपल्या घरी जावे, हा निकाल ऐकून सर इतके हसले की त्यांना खांबाला धरावे लागले. परत येताना डिचोली जवळ आल्यावर मागून म्हणाले, "तिला नाव मिळाले." बराच वेळ मला वाटत राहिले की वाक्य पुरे झालेले नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. त्यांचे वडील, भिकाजी. सर आईच्या कडेवर होते तेव्हा वडील हळर्ण गावाहून मुंबईला गेले, तिथून सैन्यात शिरले, सुटी थोडी म्हणून सावंतवाडीवरूनच परत फिरले, असा निरोप आला. त्यामागून हा फोटो. पुढे काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, इतर गावांतली माणसे परतली. हळर्णात लोक म्हणू लागले की भिकाजीने मुंबईत दुसरे घर केले. सरांच्या आईने शेवटपर्यंत कुंकू लावले. विहिरीवर बायका विचारत, "सुभद्रा, कोणाच्या नांवान गो लायता?" ती कळशी भरून घरी येई. वडील लढाईत कामी आले की आईला सोडून गेले, एवढेच सरांना आयुष्यभर जाणून घ्यायचे होते. त्यांनी जिथे जिथे चौकशी केली तिथून एकच उत्तर येई, पलटण कोणती ते कळवा.

हे सगळे त्यांनी येरझाऱ्या घालत सांगितले आणि फोटो माझ्या हातात दिला. त्यांनीच लावलेली सवय. मी तो उलटा धरला.

"बोल."

"सर, उजेड कमी आहे."

"गवस, खिडकी उघडी आहे."

"दोन्ही रणशिंगे एका बाजूला," मी म्हणालो. "दुसरे बटण सपाट."

"नोकरीला लागलो तेव्हापासून ठाऊक आहे मला," सर म्हणाले. "बेळगावात एकाकडे अस्सल कोट बघितला, घरी येऊन हा फोटो बाहेर काढून बघितला आणि कळले. तेव्हापासून हा कोट घातलेला एक तरी खरा शिपाई सापडावा म्हणून फिरतोय. एक मिळाला तरी पुरे. मग म्हणता येईल की खरे शिपाईही हा उसना कोट घालत. तुझ्या घरी आलो त्या दिवशी तो समजूत घालायला नव्हे." आणि पुन्हा चालू लागले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बाबा आपल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलत होते. ते आधी ट्रकावर क्लीनर होते. खाणी बंद झाल्या तेव्हा चालकांची विचारपूस झाली, क्लीनर कोणाच्या लक्षातही आले नाहीत. मी तसाच डिचोलीला गेलो. प्रश्न बाळबोध होता, विचारू की नको असे झाले होते.

"सर, पलटणीत जेवण कोण करायचे?"

"फॉलोअर म्हणत त्यांना. आचारी, भिश्ती, धोबी. लढायला नसत, पण जिथे पलटण तिथे ते. मेले तर लढाईतच मेले असे धरत. त्यांना फोटो काढण्यासारखा कोट कोण देणार..."

सर चालायचे थांबले. खिडकी आणि दार यांच्या मध्यावर.

आम्ही पुन्हा सगळीकडे कळवले. आता पलटण न विचारता, आचारी आणि भिश्ती यांच्यात भिकाजी नावाचा माणूस शोधा म्हणून. लढाईत कामी आलेल्यांची नावे जपणारे एक कार्यालय परदेशात आहे, त्यांनाही ईमेल केला. त्यांच्या यादीत मी आधी आडनावाने शोधत होतो. फॉलोअरांना त्या वेळी आडनाव लावत नसत, हे सरांनाच आठवले. उत्तरे येईनात. सर रोज फोन करत. मी तासाला बसलेला असलो तरी करत. पावसाळ्यात त्यांची तब्येत ढासळली, अंथरुणाला खिळले. पण चादरीखाली पाय चालूच. त्यांची मुलगी मंदाताई म्हणायची, "बाबा झोपेत पेडण्याला जाऊन येतात. फक्त तिकीट काढत नाहीत."

उत्तर आले तेव्हा मी कॉलेजात होतो. फोनवर सांगायला मन घेईना, बस पकडून डिचोलीला गेलो. मंदाताईने त्यांना उशीला टेकवून बसवले. मी मोबाइलवरून एकेक शब्द मराठीत करून वाचू लागलो. कुक भिकाजी. ब्रह्मदेशात मृत्यू, नाव तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर. सुभद्रा हिचा पती, राहणार हळर्ण, पेडणे, पोर्तुगीज इंडिया.

"परत वाच."

मी 'कुक' पासून सुरुवात केली.

"तें न्हय. फाटलें." त्यांना शेवटची ओळ हवी होती.

"सुभद्रा हिचा पती. राहणार हळर्ण, पेडणे."

मंदाताई दाराकडे तोंड करून उभी होती. सरांनी भिंतीकडे पाहत विचारले, "आईचें नांव तांकां कोणें सांगलें आसतलें?"

हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. तरी मी सांगितले. "भरती करताना विचारतात, सर. घरी कोण आहे म्हणून."

"आनी ताणें आईचें नांव सांगलें," सर म्हणाले.