डावा डोळा आणि पुण्याचे डॉक्टर

आमच्या घरातलं कोणी इथे आखातात, अल बर्शात आजारी पडतच नाही. दाढ ठणको की गुडघा, “सुट्टीत पुण्याला गेलो की दाखवू,” हे ह्यांचं ठरलेलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यासुद्धा तिकडच्याच हव्यात. कुणाच्या तरी बॅगेतून, चकलीच्या डब्याला चिकटून यायच्या.

एका शनिवारी नाश्त्याला ठेचा होता. ह्यांनी त्याच हाताने उजवा डोळा चोळला. तो मिटून बसले आणि म्हणाले, “अगं, टीव्ही बिघडला. नुसता तपकिरी ढग दिसतोय.”

टीव्ही चांगला धडधाकट होता. बिघडला होता तो ह्यांचा डावा डोळा, तोही काही न दुखताखुपता.

हे मात्र शांत. “ठेचा डाव्यातही गेला असेल. पुढच्या महिन्यात पुण्याला जातोच आहोत की.”

“तोवर डोळा काय तुमची वाट बघत बसणार आहे?” मी ओरडले.

लेकीने गाडीची किल्ली उचलली. “बाबा, धिस इज सीरियस. यल्ला, चला!” लगेच निमूट उठले. बायको बोंबलली तर कटकट, आणि लेक इंग्रजीत बोलली की ब्रह्मवाक्य!

इथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. “पर्दे की नस बंद हुई है, सूजन है. बीपी की गोली लेते हैं?”

“लेता हूँ ना,” हे म्हणाले. “अभी ख़तम है. दोस्त पुणे से ला रहा है.”

“नीचे फ़ार्मसी है,” डॉक्टर म्हणाले.

गोळ्या संपल्यात हे मला तिथे कळलं! असा संताप आला, की डॉक्टर समोर नसते तर तिथेच सोलून काढलं असतं.

डोळ्यात इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर ह्यांनी भीतभीत विचारलं, “पुण्यात दिलं तर?” उशीर केला तर गेलेलं परत येणं कठीण, आणि आत्ताही सगळं येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मग पुण्याचं नाव निघालं नाही. माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. वरची ओळ आली. दुसरी आली. तिसरीत अडखळले. खालच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते.

उजव्या डोळ्यावरचा हात तसाच ठेवून हे माझ्याकडे वळले.

“रडतेस कशाला? दिसतंय मला.”