मुठीवरच्या खाचा

सरकारी कचेरीत तीस वर्षं काढल्यावर सही करताना हात अडखळत नाही. हे मी पूर्वी थोड्या अभिमानाने सांगत असे.

जप्तीच्या वेळी पोलिसांना पंच हवे असले की आमच्याकडे पत्र येई आणि कोणालाही नाही न म्हणणारा म्हणून साहेब मला पाठवत. हडपसरच्या पलीकडे एका खोलीतून पिस्तूल जप्त झालं, त्या दुपारीही मीच होतो. पंचनामा तयारच होता. मी दाराबाहेर पत्नीशी फोनवर बोलत असताना कागद पुढे आला. फोन कानाला तसाच ठेवून मी सही केली. खोलीतला तरुण म्हणत होता, "सायेब, बघा तरी." तो पोलिसांना म्हणतो आहे, असं मी धरून चाललो.

चौदा महिन्यांनी कोर्टात पाकीट फोडून पिस्तूल टेबलावर ठेवण्यात आलं. तो तरुण समोर आरोपीच्या जागी उभा होता. सरकारी वकिलांनी विचारलं, "हेच का?"

"हो," मी म्हणालो.

आरोपीचे वकील सावकाश उठले. "अहो, इतकी घाई नको. क्रमांक घासून काढलाय, तेव्हा ओळख आकारावरूनच पटवायची. हे जगभर खपणारं परदेशी पिस्तूल. त्याच्या पाच पिढ्या आहेत. पहिल्या दोन पिढ्यांत मुठीची पुढची बाजू सपाट, आणि नळीखाली टॉर्च अडकवायची सोय नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीत ती सोय आली, शिवाय मुठीवर बोटं बसवायला खाचा आल्या. पाचव्या पिढीत सोय राहिली, खाचा गेल्या. समजलं?"

"समजलं."

"आता पंचनामा वाचा. आपण सरकारी नोकरीत आहात, म्हणजे वाचता येत असेल."

मी वाचलं: मुठीच्या पुढील बाजूस बोटांसाठी खाचा असलेले पिस्तूल. खाली माझी सही, वळणदार, एकही अक्षर न तुटलेली.

मग मी टेबलाकडे पाहिलं. नळीखाली सोय होती. मूठ सपाट होती.

पिस्तूल बदललं गेलं, की वर्णन दुसऱ्याच एखाद्या कागदावरून उतरवलं होतं, हे मला सांगता येईना. आठवावं म्हटलं तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. खोलीची भिंत आठवत होती, पत्नीने आणायला सांगितलेली कोथिंबीर आठवत होती. तो तरुण मात्र माझ्या सहीवर चौदा महिने तुरुंगात होता.

न्यायाधीशांनी विचारलं, "आपण त्या दिवशी पिस्तूल पाहिलं होतं का?"

'नीट आठवत नाही' हे उत्तर तोंडाशी आलं होतं. सरकारी वकील माझ्याकडे रोखून पाहत होते.

"नाही. मी न पाहता सही केली. आत्ता 'हो' म्हणालो, तेही न पाहताच."

न्यायाधीशांनी ते शब्दशः टंकलेखकाला सांगितलं. माझं बोलणं मी असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

बाहेर व्हरांड्यात आरोपीचे वडील उभे होते. ते रागावतील, अशी माझी अपेक्षा होती, कदाचित इच्छाही. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"आज खरं बोल्लासा, लई उपकार झालं. पर सायेब, तवा बघितलं असतं तर?"

ते उत्तराची वाट पाहत होते. मी पाहिलंच नव्हतं, याखेरीज त्यांना देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि ते त्यांनी आत ऐकलं होतं.