पहिल्या नंबरचा डोळा

नवस म्हटला की माझं डोकं फिरायचं. आईचा डोळा दुखायला लागला तेव्हा तिनं देवीला चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलला आणि देवी बघेल म्हणत दवाखाना लांबवला. तो डोळा गेला. पुढे आईही गेली. देवळात मी हात जोडायचे ते लोकलाजेस्तव.

नोकरीही नेमकी डोळ्यांचीच मिळाली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यासाठी मी गावोगाव फिरते. मोबाईलला छोटं भिंग लावायचं, डोळ्याचा फोटो काढायचा, नंबर टाकून पाठवायचा. तिथल्या डॉक्टर मॅडम नागपुरात बसून तो बघतात आणि फोन करतात. उमरेडच्या पुढे एका वस्तीत रेंज फक्त देवीच्या देवळात मिळते, म्हणून तिथेच सतरंजी टाकली. भिंग नीट बसलं का, हे मी आधी पापणी न लवणाऱ्या वस्तूवर तपासते. त्या दिवशी समोर देवीचे चांदीचे डोळे होते. उजव्याचा फोटो काढला, आणि चुकून तोच एक नंबरनं गेला. 'घे, तुझीही तपासणी झाली,' असं मी मनात म्हटलंसुद्धा.

सगळी वस्ती येऊन गेली. देवळाची झाडलोट करणारी मावशी तेवढी अर्ध्या तोंडावर पदर ओढून खांबाआड उभी राहिली.

"म्या देवीले डोळे बोलले ना वं. देवीच पाहून राहिली माह्याकडं. तुह्या मोबाईलले काहून दाखवू?"

आईच बोलतेय असं वाटलं आणि मला राग आला. मी आग्रह केला नाही.

दुपारी सामान गाडीत ठेवत होते, तोच मॅडमचा फोन आला. "एक नंबरला आजच आण. बुबुळावर जखम आहे. उद्यावर गेलं तर डोळा हातचा जाईल."

मी हसले. "मॅडम, एक नंबर देवीचा आहे."

"चेष्टा नको. बाईचा उजवा डोळा आहे, पाणी वाहतंय."

माझ्या मोबाईलमध्ये एक नंबरला चांदीचा डोळाच होता. मॅडमनी त्यांच्याकडचा फोटो परत पाठवला. तोच नंबर, तीच वेळ. सुरकुतलेली पापणी, लाल डोळा, बुबुळाच्या खालच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग. पापणीवर शेंदूर. असा डोळा मी सकाळपासून पाहिलाच नव्हता. सामान तसंच टाकून मी देवळाकडे धावले.

देवळात मावशी एकटीच होती, देवीकडे तोंड करून बसलेली. शेजारी पिशवी भरून ठेवलेली. मी काही बोलायच्या आतच तिनं वळून पदर बाजूला केला. तोच डाग. दुखतं म्हणून ती देवीच्या पायाचा शेंदूर पापणीला लावत होती.

"चाल पोरी," ती म्हणाली. "आत्ताच म्हणे देवी, जाय म्हणून."

धानाचं कुसळ लागलं होतं. डोळा वाचला. मॅडम म्हणतात, कुठेतरी फोटोंची अदलाबदल झाली असेल. असेलही. पण मावशीचा फोटो मी काढलाच नव्हता, आणि मी तो वाद घालत नाही. देवी बघत नाही म्हणून मी इतकी वर्षं रुसून होते. त्या दुपारी ती बघत होती, आणि मोबाईल माझ्याच हातात होता. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो, आणि मग आपोआप हात जुळतात.

या चैत्रात आईच्या नावानं चांदीचे डोळे घेऊन गेले. मावशीनं ते उजेडात धरले, आधी स्वतःचा डावा डोळा झाकून पाहिले, मग उजवा झाकून, आणि देवीपुढे ठेवले.